पहिल्या फेरीतला डावखुरा

अर्विंग, टेक्सास
६ जून १९८५

ताई,

नमस्कार. पत्र उघडतानाच सांगतो, मी भयंकर चिडलोय, आणि या वेळी तुझ्यावर नाही. फोनच करणार होतो. पण फोनवर मी ओरडायला लागलो की तू रिसीव्हर ओट्यावर ठेवून भाजी चिरत बसतेस, हे गुरुदत्तभावजींनीच मला सांगितलंय. कागद तरी तुला वाचावा लागेल.

तर सोमवारी बेसबॉलचा ड्राफ्ट झाला. तुला यातलं ओ की ठो कळत नाही, म्हणून मुळापासून सांगतो. देशभरातल्या शाळा-कॉलेजांतली चांगली खेळणारी पोरं दर जूनमध्ये सगळे क्लब आळीपाळीने निवडून घेतात. आदल्या वर्षी ज्यांनी जास्त मार खाल्ला, त्यांचा नंबर आधी. आमच्या टीमने गेल्या वर्षी पोटभर मार खाल्ला, त्यामुळे यंदा पहिल्या फेरीत आम्हाला अगदी वरचा नंबर मिळाला. वर्षभर उपाशी राहिल्यावर पंगतीत पहिलं पान मिळावं, तसं. आणि समोर पुरणपोळी वाढलेली असताना आमच्या शहाण्यांनी उचललं काय, तर लोणचं!

पुरणपोळी म्हणजे कॅलिफोर्नियातला एक कॉलेजचा मुलगा. बॅटिंग अशी, की बघत राहावं. अगदी तयार खेळाडू. आणि लोणचं म्हणजे नेब्रास्कातल्या मक्याच्या शेतातून उचललेला अठरा वर्षांचा शाळकरी पिचर, डेल मॅक्रेडी. पिचर म्हणजे आपला बोलर, फक्त टप्पा न पाडता थेट फेकणारा.

रविवारी आमच्याकडे जमणाऱ्या मंडळींतला अनिल तुला माहीत आहे, तो कॉम्प्युटरवाला. तो म्हणतो, "यार चारू, डावखुरा आहे, नव्वद मैलांच्या वर स्पीड आहे, अजून काय पाहिजे तुला?" मी म्हटलं, "अनिल, तू कॉम्प्युटर उघडतोस, मी माणसांची कोपरं उघडतो. शाळेतच एवढ्या वेगाने फेकणाऱ्या पोराचा हात दोन वर्षांत संपतो." मला कळतं त्यातलं. मी स्वतः नागपूरला मेडिकलच्या टीममध्ये फास्ट बोलिंग टाकायचो, खांदा गेला म्हणून सोडावी लागली.

इथल्या पेपरलाही एक सणसणीत पत्र धाडलंय. छापोत न छापोत, मन मोकळं झालं.

चारू

ता. क. अशा नव्या पोरांना आधी खालच्या टीममध्ये शिकायला पाठवतात. आमच्या क्लबची सगळ्यात खालची टीम तुमच्याच गावात आहे. बघ जमलं तर, एखादा टोमॅटो मारून ये.


ऑल्डर क्रीक, व्हर्जिनिया
२४ जून १९८५

चारू,

आशीर्वाद. टोमॅटो मारला नाही, पण टोमॅटोचं सार मात्र त्याला वाढलं. दोन वाट्या प्यायला.

गोंधळू नकोस, सांगते. इथल्या क्लबकडे पोरांना हॉटेलात ठेवण्याची ऐपत नाही. गावातली कुटुंबं एकेकाला उन्हाळ्यापुरतं घरात ठेवून घेतात. माझ्या शाळेत नोटीस लागली होती. कांचन कॉलेजला गेल्यापासून तिची खोली रिकामी आहे आणि हे मिलमधून आले की पेपरात तोंड घालून बसतात. मी नाव दिलं. वाटलं, येईल कुणीतरी, घरात चार शब्द होतील. पंधरा तारखेला, शनिवारी, दार उघडलं तर दारात हे ताडमाड पोर, हातात एक बॅग आणि आईने दिलेला जॅमचा डबा. "डेल मॅक्रेडी, मॅम."

तुझं लोणचं माझ्या घरात मुरतंय, चारू.

पोर गुणी आहे. जेवल्यावर स्वतःची ताटली घासतो. करंदीकर म्हणता येत नाही म्हणून मला 'मिसेस के' म्हणतो. वरण-भात चमच्याने खातो, दूध मात्र पिंपभर लागतं. त्याच्या पहिल्या मॅचला आम्ही दोघं गेलो. नियम निम्मे कळले नाहीत, पण समोरची पोरं वाऱ्यात काठ्या फिरवून परत जात होती, एवढं दिसलं. यांनी तर टाळ्या वाजवल्या. लग्नानंतर मी हे पहिल्यांदाच पाहिलं.

आता तुझ्याशी खरं बोलायचं ते. काल चादर बदलायला खोलीत गेले, तर पलंगासमोरच्या भिंतीवर पेपरचं एक कात्रण टाचलेलं. "पहिल्या फेरीतली निवड वाया घालवली. या मुलाचा हात दोन वर्षांत संपेल. हा निर्णय घेणाऱ्यांना लाज वाटायला हवी." खाली नाव, डॉ. सी. अभ्यंकर, अर्विंग. करारावर सही करायला त्याला टेक्सासला नेलं होतं, तेव्हा हॉटेलात पेपर त्याच्या हाती पडला. मला म्हणाला, "रोज उठलो की आधी हे वाचतो, मिसेस के. या माणसाला मी खोटं पाडणार आहे."

अभ्यंकर हे माझं माहेरचं नाव आहे, हे त्याला कुठून माहीत असणार? मी उशीचा अभ्रा बदलला. पण मला तुझी लाज वाटली, चारू. आईबापांपासून लांब आलेल्या पोराबद्दल असं लिहितात होय?

ताई


अर्विंग
२ जुलै १९८५

ताई,

तुझं पत्र तुझ्या भावजयीने, प्रतिमाने, मोठ्याने वाचून दाखवलं, तेही अनिलच्या देखत. त्यामुळे माझी जेवढी शोभा व्हायची तेवढी झालेली आहे.

तरी माझं म्हणणं मी मागे घेत नाही. तू त्याला सार पाजलंस म्हणून निवड बरोबर ठरत नाही. घर वेगळं आणि बेसबॉल वेगळा. मी त्या मुलाला शिव्या दिलेल्या नाहीत, निवडणाऱ्यांना दिल्यात. आणि 'हात संपेल' हे मी रागाने लिहिलेलं नाही, आजवर जे बघत आलो त्यावरून लिहिलंय. कोपर आणि खांदा यांना पहिली फेरी आणि शेवटची फेरी यातला फरक कळत नाही.

कात्रण भिंतीवर आहे हे वाचून मात्र जरा कसंसंच झालं. पेपरात नाव आलं तेव्हा मी चार प्रती आणल्या होत्या. तो पेपर ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याच्याही घरी जातो, हे खरंच डोक्यात आलं नाही. आपण रविवारी गप्पा मारतो, तशाच मोठ्याने मारल्या, एवढंच.

मी तुझा भाऊ आहे हे त्याला सांगू नकोस. आणि एक बघून ठेव. मॅच झाल्यावर तो डावा हात कसा वापरतो?

चारू

ता. क. अनिलने तुझ्यासाठी निरोप दिलाय, "ताईंना सांग, आम्ही त्यांच्या पार्टीत."


ऑल्डर क्रीक
२१ जुलै १९८५

चारू,

विचारलंस म्हणून बघत होते. न विचारतास तर बरं झालं असतं, असं आता वाटतंय.

मॅचच्या दुसऱ्या दिवशी तो डावा हात वापरतच नाही. दुधाचं भांडं उजव्या हाताने उचलतो. डावा हात सरळ करायला सांगितला तर पूर्ण सरळ होत नाही, थोडा वाकलेलाच राहतो. परवा बशी धुताना हातातून सुटली. मी विचारलं तेव्हा म्हणाला, करंगळीला आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येतात, बोटं आपली वाटतच नाहीत.

मी आपल्या आईची मुलगी. तिळाचं तेल कोमट केलं, कोपर चांगलं चोळलं आणि तव्यावर ओव्याची पुरचुंडी गरम करून शेकलं. पोर इतकं खूश झालं, म्हणालं घरी असल्यासारखं वाटतंय. दोन दिवस तसंच केलं. तिसऱ्या दिवशी सकाळी कोपर टम्म फुगलेलं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. इथे सगळे पिचर मॅचनंतर बर्फाच्या बादलीत हात घालून बसतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि डेलने माझं मन मोडू नये म्हणून सांगितलं नाही.

तेव्हा मी त्याला समोर बसवलं. शाळेतल्यापासूनच दुखतंय. क्लबला ठाऊक नाही. आता लांब बाह्यांचा शर्ट घालून सूज लपवतो. तीन ऑगस्टला, शनिवारी, टेक्सासहून क्लबचे मोठे लोक खास त्याला बघायला येणार आहेत. मी म्हटलं, कोचला सांग. तर त्याने कात्रणाकडे बोट दाखवलं. "दुखतंय म्हटलं की तो डॉक्टर बरोबर होता असं होईल, मिसेस के. मी मरेन पण फेकेन." वर माझ्याकडून शब्द घेतला, कुणाला सांगणार नाही म्हणून. मी देऊन बसले.

भाऊ म्हणून काही लिहू नकोस, तुझं मत मला पाठ आहे. डॉक्टर म्हणून लिही. हे किती वाईट आहे?

ताई


अर्विंग
२५ जुलै १९८५, एक्स्प्रेस डाकेने

ताई,

डॉक्टर म्हणून लिहितोय.

तेल बंद, ओवा बंद, शेक तर आधी बंद. दोष तुझा नाही. बिघाड आत होताच, तुझ्या शेकाने तो बाहेर दिसला, एवढंच.

हात सरळ होत नाही म्हणजे बहुतेक सांध्यात हाडाची कपची सुटलेली आहे. बोटांना मुंग्या म्हणजे नस दबली आहे. आज थांबला तर ऑपरेशन करून हात वाचतो, पुढे फेकूही शकेल. असाच फेकत राहिला तर फेकणं सोड, त्या हाताने शर्टाची बटणं लावायची पंचाईत होईल. एकही चेंडू टाकायचा नाही. न बघता याहून जास्त सांगता येत नाही, पण एवढं खात्रीने सांगतो.

काल मी तुमच्याकडे फोन केला होता. त्याने उचलला. "हॅलो, करंदीकर रेसिडन्स," असं पाठ केल्यासारखं म्हणाला. नाव सांगायचं धाडस मला झालं नाही. मी फोन ठेवून दिला. रोज माणसांच्या हातापायांवर सुरी चालवतो, आणि एका पोराला नाव सांगता आलं नाही!

त्याला मी कोण ते आता सांग. सोबत त्याच्यासाठी इंग्रजीत एक पत्र ठेवलंय. तुला कळावं म्हणून त्यातला मुख्य भाग लिहितो. "ते कात्रण लिहिणारा मीच. एक फॅन म्हणून लिहिलं, तोंडाला येईल ते लिहिलं, माणसाचा विचार केला नाही, याची माफी मागतो. आता डॉक्टर म्हणून ऐक. मला खोटं पाडायला तू शनिवारी फेकलंस, तर तुझा हात जाईल आणि मी खरा ठरेन. मला खोटं पाडायचा एकच रस्ता आहे. थांब, बरा हो, आणि मग वर्षानुवर्षं फेक. मी खोटा ठरायला तयार बसलोय."

शब्द दिलाय म्हणतेस. काय करायचं ते तूच ठरव, मला तुझ्या जागी असण्याची हिंमत नाही. पण शनिवारच्या आत ठरव.

चारू


ऑल्डर क्रीक
५ ऑगस्ट १९८५

चारू,

गुरुवारी जेवताना सांगितलं, यांच्यासमोर. "डेल, तो डॉक्टर अभ्यंकर माझा धाकटा भाऊ आहे."  तो ओरडला नाही, काही नाही. उठला, रोजच्यासारखी ताटली घासून ठेवली, बॅग भरली आणि टीममधल्या एका मुलाकडे राहायला गेला. तुझं पत्र टेबलावर तसंच. मी खूप रडले. नंतर रागही आला, तुझा, माझा, त्या क्लबचा, सगळ्यांचाच.

हे म्हणाले, "जाऊ दे वसुधा, दुसऱ्याचं मूल आहे." मी म्हटलं, माझ्या घरी जेवतंय तोवर ते दुसऱ्याचं नाही.

शनिवारी मॅचच्या आधी तासभर मी मैदानावर गेले. पिचर लोक हात गरम करतात तिथे एक पहारेकरी असतो. तो म्हणाला, "लेडी, इथे फक्त टीमची माणसं." मी म्हटलं, "या टीमला जेवायला मी घालते." खरं तर एकालाच घालत होते, पण तो बाजूला झाला. डेल जाळीपलीकडे फेकत होता. प्रत्येक चेंडूनंतर ओठ दाबून धरत होता, एवढं मला लांबूनही दिसलं.

जाळीतून तुझं पत्र त्याला दिलं आणि म्हटलं, "मी तुला शब्द दिलाय. तो मी मोडणार आहे, आणि तुझ्या तोंडावर सांगून मोडणार आहे, पाठीमागे नाही. राष्ट्रगीत संपेपर्यंत तू कोचला सांग. नाही सांगितलंस तर मी जाऊन सांगते. मग हवं तर आयुष्यात माझं तोंड बघू नकोस." पत्र काखेत मारून तो पाठमोरा झाला. वाचलं की नाही तेही कळेना. मी तिथेच उभी राहिले. 

राष्ट्रगीत लागलं. सगळे टोप्या छातीशी धरून उभे. डेल रांगेत, मान खाली, हातात तुझा कागद. मी कोचच्या दिशेला दोन पावलं टाकलीसुद्धा. गाणं संपलं, लोक ओरडायला लागले, आणि तो रांगेतून निघून सरळ कोचकडे गेला. शर्टाची बाही वर करून त्याने कोपर दाखवलं.  मग डेलने चेंडू त्याच्या हातात ठेवला.

टेक्सासचे साहेब लोक तिथेच होते. एकाने टोपी काढून जमिनीवर आपटली. मला त्याचं काही वाटलं नाही.

पुढच्या आठवड्यात ऑपरेशन आहे, क्लबचेच डॉक्टर करणार आहेत. शनिवारीच संध्याकाळी तो बॅग घेऊन घरी आला. मला म्हणाला, "मी अजून रागावलेलो आहे, मिसेस के." मी म्हटलं, "रागावून बस, पण जेवून घे."

ताई


अर्विंग
९ सप्टेंबर १९८५

ताई,

ऑपरेशनचा रिपोर्ट तू फोनवर वाचून दाखवलास तो ऐकला. कपची निघाली, नस मोकळी झाली. काम चांगलं झालेलं दिसतंय, मी केलं असतं तर एवढं नीट जमलं असतं की नाही, सांगता येत नाही.

इकडची हकिकत ऐक. "पहिल्या फेरीतला पिचर वर्षभर बाहेर" असं पेपरात आलं, आणि एक तारखेला, रविवारी, अख्खी मंडळी आमच्या दिवाणखान्यात माझं अभिनंदन करायला! नरेंद्र पेढे घेऊन आला. अनिलने कान पकडले, "मान गये यार, तू बोललास तसंच झालं. तो कॅलिफोर्नियावाला घ्यायला हवा होता." तीन महिने मी याच वाक्याची वाट बघत होतो. आणि ते ऐकलं तेव्हा मला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. पेढा मी खोक्यात परत ठेवला.

मी म्हटलं, "निवड बरोबर होती."

अनिल म्हणाला, "अरे, पण तूच तर..."

"मी काय ते मला माहीत आहे. अठरा वर्षांचं पोर, समोर साहेब बसलेले, सगळं मैदान बघतंय, आणि ते जाऊन सांगतं की माझा हात दुखतो. तुमच्यातल्या कुणी कधी साहेबाला सांगितलंय, की मला हे जमत नाही? जो हे करू शकतो तो परत उभाही राहील. असा पिचर पहिल्या फेरीतच घ्यायचा असतो."

 प्रतिमा आतून म्हणाली, "आज पहिल्यांदा शहाण्यासारखं बोललात."

त्याच दिवशी पेपरला दुसरं पत्र लिहिलं. छापून आलंय. या वेळी एकच प्रत आणली, ती डेलच्या आईला पाठवली. पत्ता तूच दिला होतास. आता मी त्या पोराची बाजू घेतलीय आणि ती सोडणार नाही. लोक हसू देत. व्यायाम कसा करायचा ते मी त्याला दर आठवड्याला लिहून पाठवणार आहे. उत्तर देवो न देवो.

फक्त तुला खासगीत सांगतो. अजूनही मला वाटतं, त्या बॅट्समनलाच घ्यायला हवं होतं. जित्याची खोड आहे. पण हे अनिलला कळलं तर तुझं माहेर तुटलं समज.

चारू


ऑल्डर क्रीक
८ जून १९८६

चारू,

डेल परवा परत आला. हिवाळाभर नेब्रास्कात वडिलांच्या कोठारात भिंतीवर चेंडू मारत होता म्हणे. तुझी सगळी पत्रं त्याने रबरबँड लावून आणली आहेत. "तुमचा भाऊ फार बोलतो," म्हणाला. मी म्हटलं, मला तो जन्मल्यापासून माहीत आहे. पण व्यायाम एकही चुकवला नाही असं त्याची आई सांगत होती.

हात सरळ होतो. मी स्वतः धरून बघितला. बोटंही ठीक आहेत. वेग पूर्वीइतका आहे का, ते कुणालाच ठाऊक नाही, त्यालाही नाही. क्लबने यंदा पहिल्या फेरीत आणखी एक पिचर घेतलाय, हे तुला कळलंच असेल. म्हणजे डेलकडे आता कुणाचं फारसं लक्ष नाही. कोचने त्याला एकवीस तारखेच्या मॅचमध्ये उतरवायचं ठरवलंय. जमलं तर जमलं, नाहीतर हा उन्हाळा संपला की मक्याचं शेत. त्याने हे मला अगदी शांतपणे सांगितलं आणि मग अंगणात जाऊन यांच्याबरोबर चेंडू टाकत बसला. हे एकही झेलत नाहीत, पण गोळा करून देतात.

काल त्याने माझ्या हातात एक तिकीट दिलं. पहिल्या रांगेतलं, पिचरच्या अगदी समोरचं. म्हणाला, "हे डॉक्टरांना पाठवा. मी चांगलं फेकेन असं सांगू नका, मला माहीत नाही. वाईट फेकलं तर त्यांनी खुशाल ओरडावं. पण या वेळी पेपरात नाही, माझ्यासमोर."

तिकीट सोबत आहे.

ताई


अर्विंग
११ जून १९८६

ताई,

एकवीस तारखेची दोन्ही ऑपरेशनं पुढे ढकलली. विमानाचं तिकीट काढलं. अनिलही येतोय, तो मागच्या रांगेत बसेल.

डेलला सांग, मी येतोय. वाईट फेकलं तर ओरडणार, हेही सांग. आणि हेही सांग, की त्या मैदानात कुणी दुसरा त्याच्यावर ओरडला, तर त्याची गाठ माझ्याशी आहे.

चारू